टीव्हीवर चित्र येत नाही? नवा लॅपटॉप घेण्याआधी हे करून पाहा

चोपड्यासारख्या गावात जुन्या लॅपटॉपवर उबुंटू टाकून शिकणाऱ्या मुला-मुलींची एक अडचण आमच्या कानावर येते. एचडीएमआय केबल टीव्हीला जोडली, तरी पडदा काळाच! उद्या प्रोजेक्ट दाखवायचं असतं, आणि घरात नव्या लॅपटॉपच्या खर्चाची चर्चा सुरू होते. जरा थांबा.

आधी रिमोटवरून टीव्हीचा सोर्स तपासा. केबल एचडीएमआय २ मध्ये आणि टीव्ही १ वर, असं सहज होतं. मग विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबून 'मिरर' निवडा.

तरी नाही? सेटिंग्जमधलं 'डिस्प्ले' उघडा. तिथे टीव्हीचं नाव दिसलं तर केबल बहुधा ठीक आहे; रिझोल्यूशन १९२० बाय १०८० आणि ६० हर्ट्झ करा. नाव दिसत नसेल तर दुसरी केबल लावून पाहा. टाइप-सी वापरत असाल तर लक्षात ठेवा, प्रत्येक टाइप-सी पोर्टमधून चित्र जात नाही.

एनव्हिडिया कार्ड असलेल्या अनेक लॅपटॉपमध्ये एचडीएमआय त्या कार्डालाच जोडलेलं असतं. योग्य ड्रायव्हर नसेल तर टीव्ही न दिसण्याची शक्यता असते. 'अडिशनल ड्रायव्हर्स'मधून तो टाका, लॅपटॉप रीस्टार्ट करा.

चित्र आलं पण आवाज लॅपटॉपमधूनच येतोय? 'साउंड'मध्ये आउटपुट एचडीएमआय करा.

एवढं करूनही जमलं नाही, तरच दुकान गाठा.