छऱ्याची बंदूक, एकतीस वर्षांनी

२०२४ची दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. उल्हासनगर कॅम्प नंबर तीनमधल्या आमच्या घराचं दार वाजलं. दारात शेजारच्या सिंधी काकांचा मुलगा उभा होता. हातात जुन्या चादरीत गुंडाळलेली लांबट वस्तू. म्हणाला, ‘‘भाईजान, दुकानाचा पोटमाळा रिकामा करतोय. हे तुमचं निघालं.’’ चादरीला टाचणीनं एक चिठ्ठी लावलेली होती. काका जाऊन सहा वर्षं झाली, पण अक्षर त्यांचंच. अरबी वळणाच्या सिंधी लिपीत माझं नाव आणि खाली एकच शब्द – अमानत. अब्बांनी लहानपणी उर्दू वाचायला शिकवलं होतं, म्हणून तो मला वाचता आला.

चादरीत माझी छऱ्याची बंदूक होती.

हिची ओळख आधी करून देतो. छऱ्याची बंदूक म्हणजे एअरगन. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ महाशिवरात्रीला जत्रा भरते, तिथं फुगे फोडायला जी मिळते ती. आत दारू नाही, काडतूस नाही. दाबलेल्या हवेच्या जोरावर शिशाचा छर्रा सुटतो. कॉलेजात मी एनसीसीत होतो. वर्षातून एकदा आम्हाला पॉइंट टू टू रायफलीच्या गोळ्या मोजून द्यायचे. पालथं पडून त्या झाडायच्या आणि मग उस्ताद कागदावरची भोकं किती जवळजवळ पडली ते मोजायचे. त्याला ‘ग्रुपिंग’ म्हणतात. माझं ग्रुपिंग बरं होतं. बी.ए. झाल्यावर पहिल्या नोकरीच्या पैशांतून मी ही एअरगन घेतली. रविवारी गच्चीवर वाळू भरलेल्या डब्यापुढे कागद लावून नेम धरायचो. कवितेच्या ओळी आणि छर्रे, दोन्ही त्या काळात सारखेच चुकत होते.

मग जानेवारी १९९३ उजाडला. मुंबई पेटली होती. आमच्या गल्लीत काही घडलं नाही, पण अब्बा रात्री झोपत नव्हते. एका पहाटे ते म्हणाले, ‘‘बेटा, घरात बंदूक नको. ती खरी की छऱ्याची, हे विचारायला कुणी थांबणार नाही.’’ ते शेजारच्या काकांच्या कानावर गेलं. काका सिंधमधल्या शिकारपूरहून आलेले. दुसऱ्या महायुद्धात पलटणींसाठी बांधलेल्या कल्याण कॅम्पच्या बराकींत फाळणीनंतर निर्वासितांना जागा मिळाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि त्या कॅम्पचं उल्हासनगर झालं. अशाच एका बराकीत काकांचं लहानपण गेलं होतं. घर सोडताना कोणती वस्तू कुणाकडे ठेवायची हा हिशेब त्यांनी एकदा पाहिलेला होता. ते एवढंच म्हणाले, ‘‘पुट, माझ्याकडे दे. दिवस बदलले की ने.’’ दिवस बदलले. पण मी काही मागायला गेलो नाही. नोकरी, लग्न, मुलं, कविसंमेलनं यांत ती राहून गेली.

आता ती परत आली आणि मलाही पुन्हा नेम धरावासा वाटू लागला. बंदूक खांद्याला लावली. पुढची माशी दिसेना. चष्मा लावला तर लक्ष्य दिसे, माशी पुसट. चष्मा काढला तर दोन्ही पुसट. नळी मोडून स्प्रिंग दाबायला गेलो तर कमरेत कळ आली. चाप ओढला, तर छर्रा खोकल्यासारखा आवाज करत समोर तीन हातांवर पडला. आतल्या पिस्टनचा चामडी वॉशर सुकून गेला होता आणि स्प्रिंगही बसली होती. माझी अवस्था याहून फार वेगळी नव्हती.

दीर्घ खंडानंतर एखाद्या खेळाकडे परतणारा माणूस पहिली चूक इथंच करतो. तो दुकानात जातो आणि विशीतल्या आपल्यासाठी खरेदी करतो. मीही लाखांच्या भाषेतल्या जर्मन रायफलींची चित्रं पाहत बसलो होतो. भाचा म्हणाला, ‘‘मामू, त्यापेक्षा एअरसॉफ्ट खेळा.’’ हा १९७०च्या दशकात जपानमध्ये रुजलेला खेळ. दोन संघ एकमेकांवर सहा मिलिमीटरच्या प्लॅस्टिकच्या गोळ्या झाडतात आणि बंदुका दिसायला हुबेहूब खऱ्यासारख्या असतात. तशी बंदूक खांद्याला अडकवून मी कॅम्प तीनच्या बाजारातून जातोय, हे चित्र अब्बांना कबरीतही झोपू देणार नाही. पण त्या खेळातलीही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिथं पहिली खरेदी बंदुकीची करायची नसते, डोळे पूर्ण झाकणाऱ्या गॉगलची करायची असते.

अखेर आमच्या लाइनीवरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये दहा मीटर नेमबाजीचा वर्ग चालतो, तिथं गेलो. बहुतेक मुलं बारा-पंधरा वर्षांची. तो काळही तसा होता. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पन्नास मीटर थ्री पोझिशन रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं होतं. १९५२च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राच्या वाट्याला आलेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यात तो तेव्हा आपल्या मध्य रेल्वेचा तिकीट तपासनीस होता! त्यामुळे मुलांची रीघ लागली होती. त्या गर्दीत मी आजोबा शोभत होतो.

प्रशिक्षकांना मी पॅरिसचाच दुसरा फोटो दाखवला. तुर्कस्तानचे एक्कावन्न वर्षांचे युसूफ दिकेच, अंगात साधा टी-शर्ट, डोळ्यांवर साधा चष्मा, एक हात खिशात, आणि मिश्र सांघिक एअर पिस्तुलात रौप्यपदक. ‘‘साधनं लागतातच कुठं?’’ मी विचारलं. ते हसले. म्हणाले, ‘‘ते पिस्तूल आहे. पिस्तुलाला जाकीट नसतंच. आणि त्या साधेपणामागे अनेक वर्षांचा सराव आहे. तुम्ही आधी सहा महिने काही विकत घेऊ नका. इथली रायफल वापरा. तुमचं शरीर तुम्हाला यादी करून देईल.’’

ती यादी मी इथं देतो. माझ्यासारखे पुन्हा सुरुवात करू पाहणारे आणखी कुणी असतील, त्यांना उपयोगी पडेल.

यादीत पहिला डोळा. दहा मीटर रायफलच्या लक्ष्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, खसखशीच्या दाण्याहूनही लहान. पण नजर त्याच्यावर ठेवायची नसते. मागच्या साइटच्या बारीक छिद्रातून पाहायचं, पुढच्या साइटच्या कड्यावर नजर स्थिर करायची आणि त्या कड्याच्या मधोमध लक्ष्याचा काळा गोल बसवायचा. गोल थोडा पुसट दिसला तरी चालतो, कडं स्पष्ट हवं. पन्नाशीत अडचण इथंच येते. आपला प्रोग्रेसिव्ह चष्मा खाली जवळचं, वर दूरचं दाखवतो. रायफलीवर मान कलली की आपण नेमके काचेच्या कोपऱ्यातून पाहतो. म्हणून चष्म्याच्या डॉक्टरांना कडं किती अंतरावर आहे ते मोजून सांगावं आणि एकाच नंबराची वेगळी काच करून घ्यावी. माझ्या दूरच्या नंबरात थोडीशी भर घातली आणि माशी एकतीस वर्षांनी पुन्हा दिसली. पुढचं कडंही जरा मोठं घ्यावं. लहान कड्यात नेम अचूक लागेल असं वाटतं. प्रत्यक्षात भोवतीचा पांढरा उजेड कमी पडतो आणि डोळा थकतो. दुसरा डोळा मिटू नये, त्याच्यापुढे दुधी प्लॅस्टिकची पट्टी लावावी. नियमाप्रमाणे ती तीस मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. माझी एकूण खरेदी इथवर चष्म्याएवढीच झाली होती आणि सर्वाधिक फरक तिनंच पडला.

दुसरं पाय आणि कंबर. रायफल उभ्यानं मारतात. डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवून पाठ किंचित मागे आणि बाजूला वाकवायची. स्पर्धेत साठ फैरी आणि सव्वा तास. रायफलीचं वजन साडेपाच किलोपर्यंत चालतं. हा भार मणक्यावर येतो, म्हणून कॅनव्हास आणि चामड्याचं ताठ जाकीट आणि सपाट तळाचे बूट. आपल्या कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवणारे इतके कसबी हात आहेत, की मला वाटलं, जाकीट इथंच शिवून घेऊ. पण कापडाची जाडी अडीच मिलिमीटरपेक्षा जास्त नको, ताठपणाही यंत्रावर मोजतात. शेवटी एका मुलाचं जुनं जाकीट घेतलं आणि आमच्या दर्जीकडून फक्त बटणं पोटाच्या मानानं सरकवून घेतली. ज्यांना मणक्याचा जुना आजार आहे त्यांनी मात्र रायफलीचा हट्ट धरू नये. पिस्तूल दीड किलोच्या आतलं असतं आणि पाठ सरळ राहते. युसूफभाईंचा फोटो त्यांच्यासाठी आहे.

बंदुकीचा क्रमांक तिसरा. तिच्या मुख्य जाती तीन. स्प्रिंगची साधी, स्वस्त आणि कुठंही चालणारी. पण छर्रा नळीत असतानाच आतला पिस्टन पुढे धडकतो आणि बंदूक थरथरते. दुसरीत दांडा एकदा ओढून हवा दाबायची. धक्का जवळजवळ नाही, पण साठ वेळा दांडा ओढायचा म्हणजे खांदा भरून येतो. तिसरीत हवा आधीच सिलिंडरमध्ये भरलेली, साधारण दोनशे बारच्या दाबानं. आज स्पर्धेत हीच दिसते. मी सातव्या महिन्यात हीच घेतली, वापरलेली. वापरलेली घेणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. घरातल्या गॅस सिलिंडरच्या कड्यावर चाचणीची तारीख असते, तशी या छोट्या सिलिंडरलाही मुदत असते. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि त्याचं स्वस्तात मिळणं महागात पडतं. मी पाहिलेल्या पहिल्या रायफलीचा सौदा त्या तारखेवरच मोडला.

मग छर्रे. साडेचार मिलिमीटरचे, चपट्या डोक्याचे घ्यावेत. ते कागदाला पंच मारल्यासारखं स्वच्छ भोक पाडतात. प्रत्येक नळीची आवड वेगळी. चार-पाच डब्या आणाव्यात, बंदूक टेकवून प्रत्येकीचे पाच-पाच छर्रे मारावेत आणि ज्याचं ग्रुपिंग घट्ट, त्याच बॅचचे घ्यावेत. माझ्या रायफलीनं सर्वांत महाग डबी नाकारली. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सरावानंतर हात साबणानं धुतल्याशिवाय चहाचा कपसुद्धा उचलू नये. घरात लहान मूल असेल तर डबी कुलपात ठेवावी.

आता कायदा, कारण बायकोचा पहिला प्रश्न तोच होता. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार नळी साडेचार मिलिमीटरपर्यंत आणि ताकद वीस ज्यूलपर्यंत असेल तर एअरगनला परवाना लागत नाही. स्पर्धेच्या रायफलीची ताकद सात-आठ ज्यूलच असते. तरी खरेदी ओळखपत्र दाखवून, पावती घेऊन करावी आणि ती पावती बंदुकीच्या पेटीतच ठेवावी. रायफल बंद पेटीतून न्यावी. परवाना लागत नाही म्हणजे चिमण्या-कबुतरांवर मारायची मुभा मिळाली, असं नाही. नेम कागदावरच धरायचा, आणि कागदामागे छर्रा अडवणारा पत्रा हवाच.

रोजचा सराव फुकट आहे. कोऱ्या भिंतीसमोर उभं राहायचं, रिकामी रायफल धरायची आणि छर्रा न घालता चाप दाबायचा. समोर ठिपका नसतो, त्यामुळे माणूस फक्त आपला हात पाहतो. पहिल्या महिन्यात माझं कडं भिंतभर फिरायचं. आता त्याचा फेरा ताटाएवढा झाला आहे. वाटीएवढा होईल तेव्हा मी स्वतःला नेमबाज म्हणेन.

जुन्या बंदुकीचं काय केलं, असं तुम्ही विचाराल. मिस्त्री म्हणाला, वॉशर, स्प्रिंग बदलून देतो, चालेल. मी नको म्हटलं. काकांनी ती जपली होती. तिनं आता काम करावं असं मला वाटलं नाही. तिच्यासाठी फक्त एक गोष्ट विकत घेतली.

नेमबाजीत एक नियम आहे. बंदूक हाती नसेल तेव्हा नळीतून आरपार एक झगझगीत, बहुधा नारंगी रंगाची दोरी घालून ठेवायची. एअर रायफलमध्ये ती नळीच्या पूर्ण लांबीची लागते. दोन्ही टोकं बाहेर दिसली की लांबूनही कळतं, नळीत काही नाही. शाळेच्या हॉलमध्ये मुलं आधी ती दोरी घालतात, मग पाणी प्यायला जातात. मला त्यांचा हेवा वाटतो. ही बंदूक रिकामी आहे, हे १९९३ साली गल्लीला कसं सांगायचं, ते अब्बांना सुचलं नव्हतं.

जुनी बंदूक आता आमच्या बैठकीत भिंतीवर आहे. नळीत नारंगी दोरी आहे आणि खाली काकांची चिठ्ठी. येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘‘खरी आहे का?’’ विचारायला थांबतो, याचंच मला बरं वाटतं.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)