नऊवार लुगडं आणि परसदार

रायगडावर मेणा दरवाजाजवळ राणीवशाच्या महालांचे चौथरे ओळीने उभे आहेत. बहुतेक पर्यटक ते बघून सदरेकडे वळतात. पण तिथे जरा थांबून पाहावं. प्रत्येक महालाला स्वतंत्र शौचकूप आहे. 1674 साली जिथे राज्याभिषेक झाला, त्या हिरोजी इंदुलकरांनी बांधलेल्या राजधानीत बायकांच्या या गरजेला दगडाची भिंत मिळाली होती. गडाखाली, किनाऱ्यावरच्या बहुतेकींना ती मिळाली नाही.

नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. एवढं नेसून बायका कसं उरकत असतील, असं आज वाटतं. खरं तर लुगडं या कामी सोयीचं होतं. आत शिवलेलं काही नसे. मागचा कासोटा सोडायचा, निऱ्या वर घ्यायच्या आणि बसायचं. उठल्यावर कासोटा पुन्हा खोचायचा. कोळणीचं गुडघ्यापर्यंतचं लुगडं तर आणखी सुटसुटीत. अठराव्या शतकातल्या युरोपातही रुंद घेराच्या झग्याखाली स्त्रिया सहसा चड्डी घालत नसत. फ्रान्समध्ये होडीच्या आकाराचं लहान भांडं झग्याखाली धरून उभ्यानेच काम भागवलं जाई.

अडचण वस्त्राची नव्हती, जागेची आणि वेळेची होती. कोळीवाड्यांतल्या बायका पहाटे फटफटायच्या आत किनाऱ्याकडे नाहीतर खाडीकाठी जात. नारळी-पोफळीच्या आगरांत परसाकडे जायचं तेही अंधारातच, तांब्या घेऊन, विंचूकाट्याची भीती मनात धरून. पावसाळ्याचे चार महिने सगळं ओलं. ब्राह्मण घरांत वर सोवळं. सोवळ्यातलं लुगडं नेसून परसाकडे जायचं नाही, जाऊन आल्यावर अंघोळ केल्याशिवाय चुलीला शिवायचं नाही. नैवेद्याचा स्वयंपाक उरकेपर्यंत बाई कळ दाबून धरी. या दाबण्याला मर्यादा हे नाव मिळालं. शरीराने त्याची किंमत मोजली, ती मूत्रमार्गाच्या दुखण्यांत.

मोठ्या वाड्यांत टोपलीचे संडास आले तेव्हा घरातल्या बाईचं अंधारात जाणं थांबलं, पण ती टोपली डोक्यावरून वाहणारीही बहुधा एक बाईच असे, आणि ते काम तिच्यावर जातीने लादलेलं होतं. ही प्रथा बंद करणारा कायदा 1993 साली झाला, अधिक कडक कायदा 2013 साली. सोयीचा इतिहास लिहिताना या बाईला वगळणं मला अन्यायाचं वाटतं.

आज बहुतेक घरांत संडास आहेत. तरीही पहाटे बंदरावर मासळी उचलून दिवसभर बाजारात बसणाऱ्या कितीतरी बायका आजही पाणी बेताने पितात, कारण जवळपास जायला जागा नसते. आपल्या गावात मासळी बाजाराच्या नव्या ओट्यांचा ठराव येईल, तेव्हा ग्रामसभेत उभं राहून पहिला प्रश्न हाच विचारा: कडी लागणारं, पाणी असलेलं बायकांचं स्वच्छतागृह नकाशात कुठे दाखवलं आहे?