आकाशांतून उतरलेल्या पेटीचा माग

हिवाळा सुरू होण्याच्या सुमारास मराठवाड्यांतील जिल्हा-कचेऱ्यांतून अधूनमधून एक सूचना प्रसिद्ध होत असते. जुन्या जालन्यांतील पुष्कळ घरांत ती वर्तमानपत्रांत वाचली गेली असेल आणि वाचून विसरलीही गेली असेल. हैदराबादेहून शास्त्रीय प्रयोगांसाठीं मोठमोठे फुगे आकाशांत सोडले जाणार आहेत. त्यांना बांधलेल्या पेट्या रंगीत हवाई छत्रीच्या आधारानें कोठेंही शेतांत उतरतील. त्यांना कोणीं हात लावूं नये, त्या उघडूं नयेत, जवळच्या पोलीस ठाण्यास वर्दी द्यावी, असा तिचा आशय असतो. पेटी नेण्यास माणसें मागाहून येतात. अनोळखी मुलखांतलें नेमकें तेंच वावर त्यांना कसें सांपडतें, आणि त्यासाठीं कोणतीं यंत्रें बरोबर घ्यावीं, हें आज सांगावयाचें आहे.

फुगे उडविण्याचें हें केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचें आहे. विश्वकिरणांच्या अभ्यासासाठीं रबरी फुगे वापरण्यास डॉ. होमी भाभा ह्यांनीं १९४० नंतरच्या दशकांतच आरंभ केला होता. हैदराबादचें कायमचें केंद्र १९६९ मध्यें उभें राहिलें. आतांचे फुगे अतिशय पातळ पॉलिथिनचे असून त्यांत हायड्रोजन भरतात. वर गेल्यावर त्यांचा व्यास ५० ते ८५ मीटर होतो आणि ते ३० ते ४२ किलोमीटरांची उंची गांठतात. प्रवासी विमानें उडतात त्याच्या तिप्पट-चौपट ही उंची झाली. हवेच्या निरनिराळ्या थरांत वारे निरनिराळ्या दिशांनीं वाहतात, त्यामुळें फुग्याची वाट कधीं सरळ नसते. काम संपलें कीं बिनतारी आज्ञेनें पेटी फुग्यापासून तोडतात व ती छत्रीनें खालीं येते. हैदराबादपासून २०० ते ३५० किलोमीटरांच्या टप्प्यांत ती कोठेंही उतरूं शकते. आपले मंठा आणि परतूर हे तालुके ह्या टप्प्याच्या कडेस येतात.

पेटी वेळेवर आणि धक्का न लागतां हातीं येणें किती महत्त्वाचें असतें, हें २००५ सालच्या एका उड्डाणावरून ध्यानांत येईल. वातावरणाच्या वरच्या थरांत सूक्ष्म जीव आहेत काय, ह्याचा शोध पुण्याचे डॉ. जयंत नारळीकर व त्यांचे सहकारी इस्रोच्या साह्यानें घेत होते. त्या फुग्याबरोबर ४५९ किलोग्रॅमांचा सरंजाम होता, आणि त्यांत निर्जंतुक व निर्वात केलेल्या पोलादी नळ्या होत्या सोळा. द्रवरूप निऑनमध्यें बुडविलेल्या ह्या नळ्यांनीं २० ते ४१ किलोमीटरांच्या दरम्यान हवेचे नमुने गोळा केले आणि त्या छत्रीनें खालीं आल्या. त्यांतून जीवाणूंच्या १२ व बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या. त्यांपैकीं तीन जीवाणू अगदीं नवे असल्याचें २००९ मध्यें जाहीर झालें, व एकाला नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरु फ्रेड हॉईल ह्यांचें नांव देण्यांत आलें. आतां कल्पना करा, कीं पेटी शेतांत पडली असतां एखाद्या चौकस गृहस्थानें नळीची झडप फिरवून पाहिली असती. सापडलेला जीव आभाळांतला कीं त्या वावरांतला, हें मग ब्रह्मदेवालाही सांगतां आलें नसतें. शोधपथकाच्या एका तासाच्या उशिराची किंमत ही अशी असते.

इंजिनाविना उडणारीं ग्लायडर विमानें जेथें उडतात तेथेंही हेंच काम निराळ्या रूपानें असतें. वारा पडला कीं वैमानिक दिसेल त्या मोकळ्या रानांत उतरतो आणि त्याचे सोबती गाडी घेऊन त्याला आणावयास निघतात. पण वैमानिकाला तोंड आहे. तो टेलिफोन करतो, खूण सांगतो, रस्त्यावर येऊन उभा राहतो. आपली पेटी मुकी. तेव्हां तिला बोलतें करणें ही पहिली गोष्ट.

त्यासाठीं पेटीबरोबर जीपीएसचा ग्राहक बसवितात. पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटरांवर फिरणाऱ्या उपग्रहांचे कालसंकेत तो ऐकतो, आणि चार उपग्रहांचे संकेत मिळाले कीं आपलें स्थान व उंची काढतो. मात्र येथें एक खोंच आहे. शीतयुद्धाच्या काळांतील निर्यात-निर्बंधांमुळें बाजारांतील कित्येक ग्राहक १८ किलोमीटरांच्या वर गेले कीं मौन धरतात. शहरांतल्या मोटारीला त्याचें कांहींच सुखदुःख नाहीं. फुग्याला मात्र असें यंत्र अर्ध्या वाटेंत आंधळें करतें. म्हणून खरेदी करतांना उंचीची मर्यादा अगोदर पाहावी, किंमत मागाहून.

दुसरी अडचण पृथ्वीच्या गोलाईची. पेटी उंचावर असेपर्यंत तिचा बिनतारी संदेश हैदराबादेस सरळ पोंचतो. खालीं येऊं लागली कीं ती क्षितिजाआड जाते. गणित केलें तर ३५० किलोमीटरांवरची पेटी कित्येक किलोमीटर उंचीवर असतांनाच तिचा आवाज बंद पडतो. उरलेलें अंतर उतरण्यास तिला पंधराएक मिनिटें लागलीं, आणि वारा ताशी ३० किलोमीटरांचा असला, तर शेवटच्या बातमीपासून ती साडेसात किलोमीटर दूर जाऊन पडेल. एवढ्या अंतरांत चारपांच गांवें सहज येतात. ह्यावर इलाज असा, कीं पथकाची एक गाडी आपला स्वतःचा बिनतारी ग्राहक घेऊन उतरण्याच्या अंदाजी जागेजवळ आधींच उभी असावी. केंद्रांत बसून नकाशावर बोट ठेवणाऱ्यापेक्षां ह्या गाडींतल्या माणसाचा शब्द अखेरीस खरा ठरतो.

आतां पथकाच्या हातांतील यंत्रांकडे वळूं. खिशांतला मोबाईल आहे, केवळ स्थानदर्शनासाठीं केलेलें हातांतलें जीपीएस यंत्र आहे, आणि कागदी नकाशा आहे. मोबाईल डांबरी रस्त्यावर उत्तम. पण त्याचा नकाशा मागील दारानें, म्हणजे मोबाईलच्या मनोऱ्यामार्फत येत असतो. मनोऱ्याचा टापू संपला कीं स्थानाचा ठिपका कायम राहतो आणि त्याखालचा नकाशा कोरा होतो. निघण्यापूर्वीं सारा मुलूख यंत्रांत उतरवून घेतला असेल तर ही फजिती टळते. शिवाय मोबाईल रस्त्यावरून विचार करतो. पेटी दुधना नदीच्या पलीकडच्या तीरावर असली तर तो खुशाल अलीकडच्या तीराचा जवळचा रस्ता दाखवील, आणि पूल मागें कित्येक मैल राहिलेला असेल.

हातांतल्या यंत्राचा पडदा लहान, नकाशा साधा. पण उन्हांत तो स्वच्छ दिसतो, बाजारांत मिळणाऱ्या घटांवर दिवसभर चालतो, आणि धुळीनें माखलेल्या बोटांनींही त्याचीं बटणें दाबतां येतात. त्याच्याकडून मागावयाचें एवढेंच, कीं येथून पेटी किती अंतरावर व कोणत्या दिशेला. घेतांना त्यांत चुंबकसूची आहे कीं नाहीं हें अवश्य विचारावें; ती नसलेलीं यंत्रें चालत असतांनाच दिशा सांगतात, उभें राहिलें कीं गोंधळतात. एकच यंत्र घेण्यापुरते पैसे असतील तर मी हेंच घेईन, कारण मोबाईल काय, कोणाच्या ना कोणाच्या खिशांत असतोच.

परदेशांतील मासिकें ह्या कामासाठीं उपग्रहामार्फत निरोप धाडणाऱ्या यंत्रांची फार स्तुति करतात. आपल्या देशांत तीं दूरसंचार खात्याच्या परवानगीवाचून बाळगणें कायद्यानें मना आहे, आणि अशीं यंत्रें सांपडल्यामुळें परदेशी प्रवाशांना अटक झालेली आहे. संस्थेनें रीतसर परवाना काढावा, नाहींतर तो नाद सोडावा.

यंत्र कोणतेंही घ्या, खरा घोटाळा होतो तो आंकडे लिहिण्यांत. जालन्याचा अक्षांश १९ अंश ५० कला आहे. हाच दशांशांत लिहिला तर १९.८३ होतो. एकानें टेलिफोनवर “एकोणीस, पन्नास” असें सांगितलें, आणि दुसऱ्यानें यंत्रांत १९.५० भरलें, तर वीस कलांचा फरक पडतो. एक कला म्हणजे १.८५ किलोमीटर, तेव्हां पथक ३७ किलोमीटर चुकून अंबडच्याही दक्षिणेस जाऊन उभें राहील, आणि त्याचें यंत्र त्याला मोठ्या आत्मविश्वासानें सांगेल कीं आपण बरोबर ठिकाणीं आलों आहोंत. म्हणून सर्वांनीं एकच पद्धत ठरवावी. माझ्या मतें दशांशाची, चार स्थळांपर्यंत. चौथ्या स्थळाचा एक आंकडा म्हणजे ११ मीटर, आणि शेतांत एवढें पुरे. आंकडे सांगतांना एकेक अंक उच्चारावा, ऐकणारानें ते परत म्हणून दाखवावे. तारमास्तरांची ही जुनी चाल होती. ती अजून कोणत्याही यंत्रानें जुनी केलेली नाहीं.

दुसरा घोटाळा सूक्ष्म आहे. विल्यम लँबटन ह्यांनीं १८०२ मध्यें मद्रासेस आरंभिलेली हिंदुस्थानची मोजणी हैदराबाद संस्थानांतून उत्तरेकडे सरकत गेली. १८२३ मध्यें ते आपल्या हिंगणघाटास वारले, आणि काम जॉर्ज एव्हरेस्ट ह्यांच्याकडे आलें. एव्हरेस्टनीं पृथ्वीचा जो आकार गृहीत धरला, त्यावर आपल्याकडील जुने सर्व्हे नकाशे आधारलेले आहेत. जीपीएस दुसराच आकार धरून चालतें. दोहोंत आपल्या भागांत शंभर-दीडशें मीटरांचें अंतर पडतें. विहिरीच्या ह्या बाजूस कीं त्या बाजूस, एवढ्यापुरतें तें महत्त्वाचें. सर्व्हे ऑफ इंडियाचे नवे खुले नकाशे जीपीएसच्याच आकारावर काढलेले आहेत, तेच बरोबर घ्यावे. कागदी नकाशा हवाच, कारण सारा तालुका एका दृष्टिक्षेपांत त्यावरच दिसतो.

शेवटचा कोस मात्र यंत्राचा नव्हे. जानेवारींत शाळूचीं ताटें पुरुषभर उंच असतात. पांच मीटरांवरची पेटी दिसत नाहीं. छत्री झाडावर अडकली तर दुरून दिसते, जमिनीवर पसरली तर नाहीं. अशा वेळीं गांवच्या पोलीस पाटलाला किंवा कोतवालाला बरोबर घ्यावें. त्याला अक्षांश सांगून उपयोग नाहीं. “अमक्याच्या मळ्यामागें, पाणंदीच्या उजव्या अंगाला” असें बोलावें. गांवाचें नांव तालुक्यासकट सांगावें, कारण एकाच नांवाचीं दोनतीन गांवें एका जिल्ह्यांत असणें ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाहीं. वावरांत शिरण्यापूर्वीं मालकाला विचारावें. पिकांतून वाट तुडविली जाते ती त्याची, आणि पेटीभोंवतीं जमलेल्या मुलांना दूर ठेवण्याचें काम तोच सर्वांत चांगलें करतो. काळ्या जमिनींत नुकतेंच पाणी दिलेलें असेल तर गाडी बांधावरच सोडावी. रुतलेली गाडी काढण्यांत पेटी शोधण्यापेक्षां अधिक वेळ जातो.

पेटीपाशीं पोंचल्यावर तेथील स्थान पुन्हां वाचून कागदावर उतरावें आणि केंद्रास कळवावें. त्याबरोबरच, येतांना डांबरी रस्ता ज्या वळणावर सोडला, तेथलाही आंकडा टिपलेला असावा. चारशें-पांचशें किलोंचें ओझें उचलण्यासाठीं मागून जी मालमोटार येते, तिच्या हांकणाऱ्याला पेटीच्या पत्त्यापेक्षां त्या वळणाचा पत्ता अधिक हवा असतो.