भाडे भरल्यानंतर काय उरते?

अर्थशास्त्राच्या वर्गात सरकारी अंदाजपत्रक शिकविताना महसूल, तूट, भांडवली खर्च हे शब्द आम्ही अध्यापक सहजगत्या फळ्यावर लिहून टाकतो. त्याच वर्गातून पदवी घेऊन बाहेर पडलेली मुले-मुली पहिल्या नोकरीच्या निमित्ताने परगावी खोली घेतात, तेव्हा या शब्दांचा खरा परिचय त्यांना होतो. आणि तो बहुधा महागात पडतो.

गेल्या वर्षी माझी एक माजी विद्यार्थिनी आपल्या खर्चाचा कागद घेऊन आली. तालुक्याच्या गावची ही मुलगी पुण्यात एका खासगी कचेरीत कारकून आहे. सहा मुलींच्या दाटीत वसतिगृहात दोन वर्षे काढल्यावर, रात्री दिवा लावून बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करता यावा म्हणून तिने चार महिन्यांपूर्वी स्वतंत्र खोली घेतली होती. हाती पडणारा पगार २४,००० रुपये. कागदावरील खर्च असा : भाडे ८,०००, वाणसामान, दूध, भाजी ५,०००, वीज, गॅस, फोन १,५००, जाणे-येणे १,५००, घरी पाठवावयाचे ३,०००, कपडे, औषधे व किरकोळ १,५००. एकूण २०,५००, शिल्लक ३,५००. "सर, कागदावर साडेतीन हजार उरतात, हातात मात्र छदामही उरत नाही. चुकले कोठे?" असा तिचा प्रश्न होता.

बेरीज बरोबर होती. उधळपट्टीचे म्हणावे असे एकही कलम त्यात नव्हते. उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत भाडे चालते, हा सर्वश्रुत ठोकताळाही तिने काटेकोरपणे पाळला होता. वस्तुतः चूक त्या ठोकताळ्यातच होती.

अमेरिकेत १९६९ च्या एका कायदेदुरुस्तीने सार्वजनिक घरांतील भाड्याला उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा घातली गेली व १९८१ मध्ये ती ३० टक्के झाली. म्हणजे सरकारने आपल्या भाडेकरूकडून किती घ्यावे, याचे ते माप होते. खुल्या बाजारात खोली शोधणाऱ्या एकट्या माणसाला किती झेपेल, हे त्यावरून ठरत नाही. लाखभर मिळविणाऱ्याने तिसरा हिस्सा भाड्यात घातला तरी त्याच्यापाशी सदुसष्ट हजार उरतात. चोवीस हजारवाल्यापाशी सोळाच उरतात, आणि डाळ-तांदळाचा भाव दोघांना सारखाच असतो. उत्पन्न जितके कमी तितका भाड्याचा हिस्सा मोठा, हा नियम बर्लिनचे संख्याशास्त्रज्ञ हेर्मान श्वाबे यांनी १८६८ मध्येच मांडला होता.

शिवाय भाडे म्हणजे केवळ दरमहाची रक्कम नव्हे. दलालाला एका महिन्याचे भाडे, म्हणजे ८,००० रुपये द्यावे लागले. करारनामा, टेम्पो व हमाली यांत ३,००० गेले. करार अकरा महिन्यांचा; तेव्हा या अकरा हजारांचे महिन्याला १,००० पडतात. अनामत म्हणून दिलेले ३०,००० रुपये तिने पतसंस्थेकडून १२ टक्क्यांनी उचलले होते. त्याचे व्याज प्रारंभी महिन्याला ३००. म्हणजे खोलीची खरी किंमत ९,३०० रुपये, उत्पन्नाच्या जवळजवळ ३९ टक्के. त्यात कर्जाच्या मुदलाचा २,५०० रुपयांचा हप्ता मिळविला की ३,५०० ची शिल्लक नाहीशी होऊन उलट ३०० ची तूट येते.

ही तूट कशातून भरून निघाली? घरमालक थांबत नाही, पतसंस्था थांबत नाही, घरी पाठवावयाचे पैसे कमी करणे मनाला पटत नाही. अंदाजपत्रकात मुकाट्याने माघार घेणारे कलम एकच असते, ते पोटाचे. अधिक विचारता तिने खाली मान घालून सांगितले की, महिन्याच्या शेवटच्या दहा दिवसांत रात्रीचे जेवण म्हणजे चहा आणि बिस्किटे. रक्त कमी असल्याचे डॉक्टरांनी नुकतेच सांगितले होते. ज्या अभ्यासासाठी खोली घेतली, तो करण्याचे त्राण रात्री उरत नव्हते.

एकट्या राहणाऱ्याची आणखी एक अडचण आहे. खोली, शेगडी, पंखा, दिवा यांचा खर्च माणसे निम्मी झाली म्हणून निम्मा होत नाही. कुटुंबांच्या खर्चाची तुलना करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित मोजपट्टीत पहिल्या प्रौढाचा भार १ आणि दुसऱ्याचा ०.५ धरतात. म्हणजे दोघांना जेवढे लागते, त्याच्या दोन तृतीयांश एकट्याला लागतात.

मग दूरची स्वस्त खोली घ्यावी काय? तिला ६,५०० ची एक खोली सांगून आली होती. भाड्यात १,५०० वाचत होते; परंतु प्रवासाला १,२०० अधिक लागणार होते आणि रोजचा दीड तास वाढणार होता. पंचवीस दिवसांचे साडेसदतीस तास देऊन वाचणार ३०० रुपये. म्हणजे तासाला आठ!

तेव्हा हिशेब उलट दिशेने मांडावयास हवा. प्रथम अन्न, औषध, प्रवास व घरची जबाबदारी. नंतर दुखण्या-खुपण्यासाठी राखीव रक्कम. अखेरीस जे उरेल ते भाडे. तिच्याबाबतीत भाडे सोडून खर्च १२,५००, राखीव २,०००, हप्ता २,५००, करार व व्याज १,३००. उरले ५,७००. कर्ज फिटल्यावर हाच आकडा ८,५०० होतो. म्हणजे खोली चुकीची नव्हती, ती एक वर्ष आधी घेतली गेली होती. तिने घरमालकाशी बोलून कचेरीतील एका मैत्रिणीला सोबत घेतले. दोघींचे मिळून भाडे १०,००० ठरले व तिच्या वाट्याला ५,००० आले. एकटे राहण्याचा बेत तिने सोडलेला नाही, वर्षभर पुढे ढकलला आहे.

करारनामाही डोळसपणे पाहावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. अनामत परत कधी मिळणार आणि मुदतीआधी खोली सोडल्यास काय, ही दोन वाक्ये त्यात असल्याखेरीज सही करू नये.

तथापि सारा उपदेश कमी पगाराच्या माणसालाच करून आपण मोकळे होणे योग्य नाही. सातव्या केंद्रीय वेतन आयोगाने मोठ्या शहरांसाठी मूळ वेतनाच्या २४ टक्के घरभाडे भत्त्याची शिफारस केली; कारण शहरात राहण्याची किंमत हा नोकरीचाच खर्च आहे, हे तत्त्व तेथे मान्य आहे. ठोक पगारावरील कारकून आणि तासिका तत्त्वावरील शिक्षक यांच्यासाठी हे तत्त्व कोणी मानत नाही. त्यांना आई-वडिलांचे घर आहे, असे जणू गृहीत धरूनच त्यांचा पगार ठरतो. म्हणजे गावाकडचे एखादे गरीब कुटुंब शहरातील मालकाला दरमहा अनुदान देत असते, आणि ते कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही.

ज्या मुलीला घरच्यांनी परगावी पाठविले, तिला खोली परवडली नाही तर ती घरी परत येते, आणि मग नोकरीचा विषय घरात बहुधा पुन्हा निघत नाही. म्हणून तिच्या कागदावरील तीनशे रुपयांची तूट मला लहान वाटत नाही.