सबुरी म्हणजे सोसणं नव्हे

परवा भाचा सुट्टीला आला होता. त्याच्यासाठी कोल्ड स्टोरेजमधून चिकन नगेट्सचं पाकीट आणलं. ते हातात घेऊन तो हसत सुटला. म्हणाला, "मावशी, या वेंकीजवाल्यांची इंग्लंडमध्ये फुटबॉल टीम आहे, माहितीय? आणि तिथले लोक यांच्या नावाने बोटं मोडतात!"

मला वाटलं, पोरगं थट्टा करतंय. आमच्या बचत गटातल्या बायकांना हे नाव कोंबड्यांच्या धंद्यामुळे चांगलं ठाऊक. पुण्याची कंपनी. तिचा फुटबॉलशी काय संबंध? पण रात्री जेवणं उरकल्यावर भाच्याने सगळी हकिगत सांगितली आणि मग मीही त्या वाचनाच्या मागे लागले. वाचता वाचता लक्षात आलं, की ही गोष्ट चेंडूची नाहीच. नवा कर्ता जुन्या घरात येतो तेव्हा घरातल्यांनी किती धीर धरायचा आणि त्या धीराची किंमत कोणी ठेवायची, याची ही गोष्ट आहे. मैत्रिणींनो, हा विषय आपल्यापेक्षा कोणाला जास्त कळणार?

गावाचा क्लब

तिकडे फुटबॉल क्लब म्हणजे नुसती टीम नसते. कोल्हापूरच्या मैत्रिणींना हे सांगायला नको. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा तालीम म्हटलं की अख्खी पेठ मैदानावर लोटते. तिकडेही तसंच. आजोबा ज्या बाकावर बसले, त्याच बाकावर नातवाने बसायचं.

ब्लॅकबर्न हे उत्तर इंग्लंडातलं गाव, वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. आपल्या इचलकरंजीसारखं कापडाचं. एके काळी इथलं कापड जहाजं भरभरून हिंदुस्थानात यायचं. गांधीजींच्या बहिष्काराने इथल्या गिरण्यांना झळ बसली, तरी १९३१ मध्ये गांधीजी ब्लॅकबर्नला लागून असलेल्या डार्वेन गावी गेले, तेव्हा गिरणीतल्या बायकांनी त्यांचं हसून स्वागत केलं. बायकांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या गांधीजींचा तो फोटो तुम्ही पाहिलाही असेल.

या गावाचा ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब १८७५ चा. गिरण्या थंडावल्या, पण क्लब टिकला. १९९१ मध्ये जॅक वॉकर या गावच्याच पोलाद व्यापाऱ्याने तो पूर्णपणे ताब्यात घेतला. स्वतःचा धंदा विकून आलेला पैसा त्याने गावच्या क्लबात ओतला, नामांकित खेळाडू आणि प्रशिक्षक आणले आणि १९९५ मध्ये या लहानशा गावाने मोठमोठ्या शहरांना मागे टाकून प्रीमियर लीग जिंकली! वॉकर २००० साली गेला. त्यानंतर दहा वर्षं त्याच्या कुटुंबाच्या विश्वस्त निधीने क्लब सांभाळला, पण पूर्वीसारखा खर्च काही झेपेना. गिऱ्हाईक शोधणं सुरू झालं.

पुण्याहून आलेले मालक

नोव्हेंबर २०१० मध्ये वेंकीजने २ कोटी ३० लाख पौंडांना हा क्लब घेतला. समूहाच्या प्रमुख होत्या अनुराधा देसाई. भारतातल्या कुक्कुटपालनाला धंद्याचं रूप देणाऱ्या डॉ. बी. व्ही. राव यांच्या या कन्या. त्यांच्यासोबत त्यांचे दोघे भाऊ. इंग्लंडमधल्या सर्वोच्च श्रेणीतला क्लब भारतीय कंपनीने घेण्याची ही पहिलीच वेळ, आणि तीही एका बाईच्या नेतृत्वाखाली. खरं सांगते, वाचताना मला अभिमानच वाटला.

गावानेही सुरुवातीला स्वागत केलं. नवे मालक, नवा पैसा, पुन्हा जुने दिवस येतील ही आशा. रोनाल्डिन्होसारख्या जगप्रसिद्ध खेळाडूला आणण्याच्या बातम्याही झळकल्या.

पण महिनाही झाला नव्हता, तोच अनुभवी मॅनेजर सॅम अलर्डाइस यांना काढलं. टीम तेव्हा वीस संघांत तेरावी होती, म्हणजे अगदीच बुडत नव्हती. त्यांच्या जागी आले प्रशिक्षकांपैकीच एक, स्टीव्ह कीन. त्यांनी पूर्वी कोणत्याही टीमचं मॅनेजरपद सांभाळलं नव्हतं. लोक विचारू लागले, असं का? समाधानकारक उत्तर मिळालं नाही. ड्रेसिंग रूममध्ये बसून खेळाडू चिकन खात आहेत अशी जाहिरात मात्र निघाली. २०११ मध्ये टीम पुण्याला येऊन बालेवाडीला पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामनाही खेळून गेली. तिकडे गावात हरण्याचा सिलसिला चालूच.

७ मे २०१२. घरच्या मैदानावर विगनविरुद्ध सामना. जिंकायलाच हवं होतं. भर सामन्यात कोणीतरी क्लबचं निशाण अंगावर गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली! सगळं जग हसलं. गाव मात्र रडलं, कारण सामना ०-१ असा गेला आणि सलग अकरा वर्षं वरच्या श्रेणीत असलेला क्लब खालच्या श्रेणीत घसरला. पुढच्या एकाच हंगामात मॅनेजरची रांग लागली. एक ५७ दिवस टिकला, दुसरा ६७ दिवस! अहो, आपण धुणंभांड्याच्या बाईलाही यापेक्षा जास्त दिवस देतो.

न भांडता रिकाम्या झालेल्या खुर्च्या

लोकांनी आधी घोषणा दिल्या, मोर्चे काढले. पुढे पुढे बरेच जण यायचेच बंद झाले. २०१०-११ मध्ये सामन्याला सरासरी पंचवीस हजारांच्या घरात लोक यायचे. २०१७ मध्ये क्लब तिसऱ्या श्रेणीत घसरला, त्या हंगामात ती संख्या जवळपास निम्म्यावर आली होती. सुरुवातीला मैदानावर दिसणारे मालकही हळूहळू दिसेनासे झाले.

हे वाचताना मला आमच्या भागातला एक बचत गट आठवला. नव्या अध्यक्षीण बाई हुशार, शिकलेल्या. आल्या आल्या त्यांनी बैठकीचा वार बदलला, बँक बदलली. हेतू चांगलाच होता. कोणी भांडलं नाही. बायका फक्त यायच्या बंद झाल्या. मी एकीला गाठून विचारलं तर म्हणाली, "ताई, पैशाचं काही नाही हो. पण आमाला कुणी विचारलंच नाही."

अध्यक्षीण बाई मग घरोघरी गेल्या, ओट्यावर बसून चहा प्याल्या आणि गट पुन्हा उभा राहिला. पुणे आणि ब्लॅकबर्न यांच्यामध्ये मात्र समुद्र होता, आणि समुद्रापेक्षा मोठं होतं ते मौन.

मालकांची बाजूही सांगायला हवी. त्यांनी क्लब वाऱ्यावर सोडला नाही. वर्षानुवर्षं तोटा भरून काढला, कोट्यवधी पौंड घातले. टोनी मोब्रे हे मॅनेजर असताना क्लब तिसऱ्या श्रेणीत घसरला, तरी मालकांनी त्यांना हाकललं नाही, धीर धरला. दुसऱ्याच वर्षी, २०१८ मध्ये, त्यांनी टीम पुन्हा वर आणली. म्हणजे धीराचं फळ मिळतं, हे मालकांनाही कळलं होतं. पुढे इथल्या एका चौकशीमुळे इंग्लंडला पैसे पाठवण्यासाठी २०२३ पासून कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागू लागली आणि अडचणी वाढल्या.

मला जास्त लागली ती मात्र २०२५ ची बातमी. क्लबने आपला महिलांचा संघ दुसऱ्या श्रेणीतून काढून घेतला. वरच्या पातळीवर खेळायच्या अटींचा खर्च परवडत नाही म्हणे. किरा वॉल्श, जॉर्जिया स्टॅनवे, एला टून या तिघी २०२२ मध्ये इंग्लंडसाठी युरो कप जिंकल्या. उमेदवारीच्या काळात त्या याच क्लबकडून खेळल्या होत्या. ओढाताण सुरू झाली की कात्री पहिल्यांदा कोणाच्या ताटाला लागते? घर असो, क्लब असो, उत्तर तेच!

झाडू, बादली आणि वाट पाहणं

तुम्ही म्हणाल, एवढा राग असेल तर असा मालक नसलेला काय वाईट? पण त्याच भागातल्या बरी या गावाची गोष्ट ऐका. १८८५ चा क्लब. २०१८ मध्ये नव्या मालकाने तो अवघ्या एका पौंडाला घेतला. खेळाडूंचे पगार थकले, देणी वाढली. एका माजी संचालक बाईंनी तर मैदानाच्या दारातल्या पाइपाला स्वतःला साखळीने बांधून घेतलं.

ऑगस्ट २०१९. दुसरा खरेदीदार येणार, क्लब वाचणार अशी आशा निर्माण झाली. २७ तारखेला शेकडो गावकरी झाडू, बादल्या, फडकी घेऊन मैदानावर हजर झाले. का? तर शनिवारी सामना झालाच तर खुर्च्या स्वच्छ असाव्यात! आपण नाही का पाहुणे येणार म्हटलं की ओसरी झाडून ठेवत, तसं. दिवसभर लोक राबले. त्याच रात्री बातमी आली, खरेदीदाराने माघार घेतली आणि बरी क्लबला लीगमधून काढून टाकलं.

ते वाचून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढी सबुरी, एवढी माया, आणि ती ठेवायला जागाच नाही. पण ही माणसंही चिवट. त्यांनी पुन्हा जमवाजमव केली, मैदान परत मिळवलं आणि २०२३ पासून त्याच हिरवळीवर त्यांची टीम पुन्हा खेळू लागली.

आधी विचारलं, मग घेतलं

आता तिसरं गाव. वेल्समधलं रेक्सहॅम, कोळशाच्या खाणींचं. क्लब १८६४ चा. पैशाअभावी बुडायला आला, तेव्हा २०११ मध्ये गावकऱ्यांनी एका दिवसात लाख पौंडांहून जास्त रक्कम उभी केली आणि क्लब स्वतःच चालवायला घेतला. थोडक्यात, बचत गटच म्हणा ना! दहा वर्षं चालवला, पण पाचव्या श्रेणीतून वर काही सरकता येईना.

२०२० मध्ये हॉलिवूडचे दोन नट, रायन रेनॉल्ड्स आणि रॉब मॅकेलहेनी, क्लब मागायला आले. त्यांनी थेट खरेदी केली नाही, कारण क्लब गावकऱ्यांचा होता. सभासदांपुढे आपला बेत मांडला. नाव बदलणार नाही, चिन्ह बदलणार नाही, क्लब गावाबाहेर नेणार नाही, असा शब्द दिला. प्रश्नांना उत्तरं दिली. मग सभासदांनी मतदान केलं, ९८.६ टक्के कौल बाजूने पडला. फेब्रुवारी २०२१ मध्ये क्लब त्यांच्या हाती आला.

म्हणून काय लगेच जादू झाली? छे! पहिल्या हंगामात टीम वर गेली नाही. दुसऱ्या हंगामात निर्णायक सामना घरच्याच मैदानावर ४-५ असा हरली. त्याच महिन्यात वेम्ब्लीवर आणखी एक अंतिम सामना गेला. ब्लॅकबर्नमध्ये अशा वेळी मालक हटावच्या घोषणा झाल्या असत्या. इथे मात्र लोक थांबले, कारण काय चाललंय ते त्यांना दिसत होतं. मालक गावात यायचे, लोकांत मिसळायचे, त्यांच्यासोबत हरायचे, रडायचे. तिसऱ्या वर्षी, २०२३ मध्ये, टीम वर चढली. मग २०२४ मध्ये, मग २०२५ मध्ये. सलग तीन पायऱ्या! आणि त्याच मार्च २०२३ मध्ये मुख्य मैदानावर महिलांचा सामना ठेवला, तर तो पाहायला ९,५११ माणसं आली. वेल्समधल्या महिला लीगचा तो विक्रम ठरला.

पैसा होता म्हणून जमलं, असं कोणी म्हणेल. पैसा लागतोच. पण पैसा ब्लॅकबर्नमध्येही घातला गेला, आणि तोही काही थोडाथोडका नाही. २०२५ मध्ये रेक्सहॅम तीन पायऱ्या चढून नेमकं ब्लॅकबर्नच्याच श्रेणीत येऊन पोचलं. एक वर चढत आलेलं, एक वरून उतरलेलं.

हे सगळं वाचून झाल्यावर मला वाटलं, लहानपणापासून आपल्याला काय शिकवतात? धीर धर. सगळं होईल. नव्या घरात गेल्यावर वर्षभर तोंड उघडू नकोस. सबुरीचं फळ गोड. शिर्डीला जाऊन आपण श्रद्धेबरोबर सबुरीही मागून येतो. ती मोठीच गोष्ट आहे, नाही म्हणत नाही मी. पण सबुरी आणि सोसणं यात फरक आहे. समोरचा काय करतोय हे दिसत असतं, विचारलं तर उत्तर मिळत असतं, तेव्हा थांबणं म्हणजे सबुरी. दार बंद, तोंड बंद, आणि तरी आपण थांबायचं, तर ते नुसतं सोसणं.

ब्लॅकबर्नच्या लोकांना धीर नव्हता असं कसं म्हणू? पंधरा वर्षं होऊन गेली, अजूनही हजारो माणसं दर सामन्याला निळे-पांढरे मफलर गुंडाळून त्याच बाकांवर जाऊन बसतात. त्यांनी कोणाचंही मन वळवायला कोटी पौंड मागितले नव्हते. कोणीतरी यावं, चार शब्द बोलावेत, आपलं ऐकून घ्यावं, एवढंच.

नगेट्स तळून झाले होते. भाचा म्हणाला, "मावशी, तू मालकीण असतीस तर काय केलं असतंस?"

मी म्हटलं, "आधी गावात जाऊन चहा प्याले असते."

तुम्ही काय केलं असतंत?