चामखीळ : तिचें कारण व तिचा उपाय

चामखीळ ही वस्तु अगदीं क्षुद्र. कोणी तिला मस असेंहि म्हणतात. ती सहसा दुखत नाहीं, ताप आणीत नाहीं, म्हणून वडील माणसें तिच्याकडे लक्ष देत नाहींत. परंतु ज्या मुलाच्या बोटांवर ती उगवते त्यास ती क्षुद्र वाटत नाहीं. फळ्यावर लिहितांना तें हात लपवितें. खेळांत त्याचा हात धरावयास सोबती मागेंपुढें पाहतात. शिवाय अज्ञानानें केलेले उपचार पुष्कळदां चामखिळीहून अधिक पीडा देतात. म्हणून या विषयाचा थोडा विचार करण्याचें आम्ही योजिलें आहे.

चामखीळ म्हणजे दूषित रक्त नव्हे, बेडकास शिवल्याचें फळ नव्हे, कीं कोणाच्या पापाची खूणहि नव्हे. इ. स. १९०७ मध्यें जुझेप्पे च्युफो या इटालियन वैद्यानें चामखिळीचा अर्क, ज्यांतून जंतुहि पार होऊं शकत नाहींत अशा गाळणीनें गाळला. तो गाळलेला रस त्वचेंत टोचला असतां तेथें नवी चामखीळ उगवली. यावरून हा रोग जंतूंहूनहि सूक्ष्म अशा विषाणूपासून होतो हें सिद्ध झालें. या विषाणूच्या आज दोनशेंहून अधिक जाती ठाऊक आहेत. तो रक्तांत शिरत नाहीं. त्वचेच्या वरच्या थरांतील पेशींत राहून तो त्यांस प्रमाणाबाहेर वाढावयास लावतो, आणि तेथें खरखरीत उंचवटा तयार होतो. त्यांत जे काळे ठिपके दिसतात त्यांस लोक ‘मुळें’ म्हणतात. वास्तविक त्या गोठलेल्या बारीक रक्तवाहिन्या होत. चामखिळीस मूळ असतच नाहीं, मग तें उपटण्याची खटपट कशाला?

धड त्वचेंतून विषाणूस सहज वाट मिळत नाहीं. ओरखडा, भेग किंवा ओलाव्यानें मऊ झालेली कातडी हीं त्याचीं द्वारें. आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत कापूस वेचण्याच्या दिवसांत बोंडांच्या टोकांनीं मुलांचीं बोटें ओरखडतात, व अनवाणी चालल्यानें पाय भेगाळतात, हें सर्वांस ठाऊक आहे. नखें कुरतडण्याची खोडहि तशीच घातक. विषाणु शिरल्यावर चामखीळ दिसूं लागण्यास कांहीं आठवडे, कधीं कित्येक महिने लागतात. म्हणून ती कोणापासून आली हें सांगतां येत नाहीं, व त्यासाठीं कोणास दोष देणेंहि योग्य नाहीं.

सारखीं दिसणारीं दुसरीं लक्षणें ओळखावींत. तीळ सामान्यतः गुळगुळीत व काळसर असतो. मानेवर लोंबणारा मऊ मांसल कोंब ही निराळीच गोष्ट. तो विषाणूचा नव्हे. तळपायावरील चामखीळ व कुरूप यांत घोटाळा होतो. कुरूप वरून दाबल्यास अधिक दुखतें, तर चामखीळ दोन्ही बाजूंनीं चिमटींत धरल्यास अधिक दुखते; आणि त्वचेवरील रेषा कुरुपावरून सरळ जातात, चामखिळीपाशीं मात्र तुटतात.

आतां उपायांकडे वळूं. कोणी घोड्याच्या शेपटीचा केस बांधतात, कोणी रुईचा चीक लावतात, कोणी उतारा करतात. आणि प्रत्येकजण शपथेवर सांगतो कीं, गुण आला. याचें रहस्य असें : मुलांच्या चामखिळींपैकीं बहुतेक दोन वर्षांच्या आंत आपोआप नाहींशा होतात, कारण शरीर त्या विषाणूस ओळखून त्याचा नाश करतें. जाण्याच्या बेतांत असलेल्या चामखिळीवर जो उपाय शेवटीं झाला त्यास यश मिळतें. केस बांधल्यानें नुकसान थोडें. परंतु चुना व सोडा यांचा लेप, बिब्ब्याचें तेल, पेटती उदबत्ती किंवा वस्तरा यांची गोष्ट वेगळी. चुन्याच्या लेपानें बोटाच्या पेरावर खोल जखम झालेला एक विद्यार्थी आमच्या पाहण्यांत आहे. चामखीळ गेली, पण व्रण जन्माचा राहिला, आणि कित्येक आठवडे त्याला लेखणी धरतां आली नाहीं.

योग्य उपाय सोपा आहे. त्यास हवा तो धीर. औषधाच्या दुकानीं सॅलिसिलिक अ‍ॅसिडाचें द्रावण मिळतें. चामखीळ कोमट पाण्यांत पांच-दहा मिनिटें भिजवावी, वरची मेलेली कातडी वज्रीनें हलकेच घांसावी, भोंवतालच्या त्वचेस व्हॅसलीन लावून औषधाचा थेंब नेमका चामखिळीवरच सोडावा. हें रोज, सुमारें तीन महिनेपर्यंत करावें. आग फार झाल्यास कांहीं दिवस थांबावें. ती वज्री व पंचा दुसऱ्यानें वापरूं नये. इतक्यानें गुण न आल्यास वैद्य द्रवरूप नायट्रोजननें, म्हणजे शून्याखालीं १९६ अंश इतक्या थंडीनें, ती गोठवून काढतात.

मात्र चेहऱ्यावर किंवा गुह्यभागीं चामखीळ असल्यास, रक्त येत असल्यास, रंग बदलून ती झपाट्यानें वाढत असल्यास, अथवा रोग्यास मधुमेह असल्यास घरगुती उपचार करूं नये. यवतमाळ येथें इ. स. १९८९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथील त्वचारोगतज्ज्ञांस दाखवावें. त्वचेवर बधिर चट्टा आढळल्यास तर मुळींच विलंब करूं नये. तो महारोगाचा असूं शकतो, आणि त्या रोगावर आज खात्रीचा उपाय आहे.

पालकांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. याच विषाणुकुलांतील कांहीं निराळ्या जातींमुळें स्त्रियांस गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो. हा शोध लावणारे जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड झुर हाउझेन यांस इ. स. २००८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें तयार केलेली ‘सर्व्हाव्हॅक’ ही प्रतिबंधक लस इ. स. २०२३ मध्यें बाजारांत आली. ती हातांवरील चामखिळीसाठीं नाहीं, व हातांवरील चामखिळीपासून तो कर्करोगहि होत नाहीं. तथापि वाढत्या वयाच्या मुलींसाठीं तिजविषयीं वैद्याचा सल्ला अवश्य घ्यावा.

विद्यार्थ्यांनो, नखें कुरतडूं नका, चामखीळ खाजवूं नका, आपला पंचा आपणच वापरा. आणि शेजाऱ्याच्या हातावर ती दिसली तर बाकावरून दूर सरूं नका. त्याची चामखीळ कालांतरानें जाईल. पण त्या दिवशीं कोण दूर सरला हें तो विसरणार नाहीं.