कंपोस्ट डेपोचा उतार मोबाइलवर मोजता येतो का?

मी पिशोरचा, विहिरीच्या पाण्यावर वाढलेला. त्यामुळे 2018 मध्ये नारेगाव परिसरातल्या गावकऱ्यांनी औरंगाबादच्या कचरागाड्या अडवल्या, तेव्हा त्यांचा राग लगेच कळला. कुजणाऱ्या कचऱ्यातून काळं पाणी सुटतं आणि जमिनीत मुरतं.

म्हणून 2016 च्या घनकचरा नियमांत कंपोस्टच्या ढिगाखाली पाणी न झिरपणारा तळ, 1 ते 2 टक्के उतार आणि भोवती नाली सांगितली होती. तपासणीत हेच बघायचं. 1 टक्का म्हणजे मीटरला 1 सेंटिमीटर, जेमतेम 0.6 अंश.

फोनचा ॲक्सेलेरोमीटर एवढा कोन दाखवतो. पण फोन पाठीवर ठेवला तर कॅमेऱ्याच्या उंचवट्यानेच तेवढा फरक पडतो! लांब सरळ पट्टीवर फोन कडेवर उभा ठेवा, मग उलटा फिरवून पुन्हा मोजा, सरासरी घ्या. खरं सांगू? गवंड्याची पाण्याची नळी यापेक्षा भरवशाची.